मासा आहे, पण खात नाही

गळाच्या स्पर्धेत पहिला तास सगळ्यांचाच असतो. चिठ्ठीत जागा कुठलीही येऊ दे, मासे जमवायला फेकायचा ताजा चारा पाण्यात पडला की काही ना काही लागतंच. खरी स्पर्धा सुरू होते ती गळाच्या दोरीवरचा, पाण्यावर दिसणारा तरंगा हलायचा थांबल्यावर. शेजारचा काढतोय, पलीकडचा काढतोय आणि आपला तरंगा खिळा ठोकल्यासारखा उभा. मग हात शिवशिवायला लागतात. कुणी चाऱ्याचे चार गोळे धडाधड फेकतो, कुणी डबा उघडून गळाला लावायचं आमिष बदलतो. काहीजण दोन्ही एकदम करतात, वर खोलीही बदलतात, आणि मग कशानं काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळत नाही.

माझं सांगलीत पशुखाद्याचं दुकान आहे. शेंगपेंड, सरकी पेंड, मका भरडा, गव्हाचा भुसा, गोळी पेंड असा सगळा माल. दिवसातनं एखादं तरी गिऱ्हाईक येऊन विचारतंच, "म्हैस खाईना झालीया, पेंड बदलू का?" मी उलटं विचारतो, "रवंथ करते का?" करत असली तर पेंडीकडं बघू, रवंथच बंद असली तर आधी डॉक्टरला फोन लावा, पेंडीचं नंतर. पाण्यावर बसल्यावरही माझा पहिला प्रश्न याच जातीचा असतो. जागेवर मासा आहे का नाही? आहे आणि खात नाही, तर आमिषाकडं बघायचं. मासाच नाही, तर चाऱ्याकडं. आणि मासा आहे, हलतोय, धक्के देतोय, पण गळाला लागत नाही, तर बहुतेक वेळा चारा जास्त झालेला असतो. मी स्पर्धेत जे काही निर्णय घेतो ते या तीन वाटांतूनच जातात.

आता मासा आहे हे कसं ओळखायचं? पाणी गढूळ असलं तरी ते गप्प नसतं. तळातल्या चिखलातला वायू सुटला की मोठाले बुडबुडे येतात, एकाच ठिकाणी, भक् करून फुटतात आणि संपतात. मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरायला लागला की येणारे बुडबुडे बारीक असतात, साबुदाण्याएवढे, झुबक्यानं, आणि तो झुबका हळूहळू सरकत जातो. सरकणारा झुबका चाऱ्याच्या दिशेनं येत असला तर मी काहीही बदलत नाही, लघवीलासुद्धा उठत नाही. दुसरी खूण तरंग्याची. खाताना तरंगा दोनदा टुकटुकतो आणि मग तिरका होऊन जातो, किंवा सायप्रिनसनं आमिष उचललं तर वर येऊन आडवा पडतो. पण कधी कधी तो सावकाश, आळसावल्यासारखा अर्धा बुडतो आणि परत जागेवर येतो. हिसका दिला तर हाताला काही नाही. हे खाणं नव्हे. माशाचं अंग तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, घासून गेलेलं असतं. अशा वेळी गळ वर काढून नीट बघावा. टोकाला खवला अडकून आला तर सगळा निकाल त्या एका खवल्यात असतो.

यंदाच्या हिवाळ्यातली तासगावच्या पुढची स्पर्धा सांगतो. स्पर्धा म्हणजे आमच्याच टोळीची. बक्षीस म्हणून जेवण आणि वर्षभर बोलून दाखवायचा हक्क. ठेक्यानं घेतलेला पाझर तलाव, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेले, सायप्रिनस आधीपासूनचा, आणि चिलापी कुणी सोडली नाही तरी असतेच. नियम बाहेरच्या देशांतल्या स्पर्धांवरून उचललेले: चिठ्ठी टाकून जागा, सात ते बारा असे पाच तास, एका वेळी एकच काठी आणि एकच गळ, मासे जाळीच्या पिशवीत पाण्यातच ठेवायचे, शेवटी वजन करून परत सोडायचे. ठेकेदाराची अट एवढीच की मासा मरता कामा नये आणि तलावाच्या कडेला कुणी चुली मांडायच्या नाहीत.

माझी जागा बुडालेल्या बाभळीच्या डाव्या अंगाला. शिसं सोडून बघितलं तर समोर नऊ फूट पाणी, आणि उजवीकडं बाभळीच्या बुडख्याजवळ तीन फुटांचा कोपरा. असा कोपरा मिळाला की मी बसल्या बसल्या खूश होतो. का, ते पुढं सांगतो.

चारा सांगतो, कारण लोक दुकानात येऊन तोच विचारतात. दोन वाटे मका भरडा, एक वाटा शेंगपेंड कुटून, एक वाटा गव्हाचा भुसा, आणि वेगळ्या बादलीत चाळलेला पोयटा. पोयटा म्हणजे नदीकाठची मऊ माती. तिला खाण्याची किंमत शून्य आणि स्पर्धेत मोल सगळ्यात जास्त. गूळ मी फार घालत नाही, गोळा चिकट होतो आणि तळाला ढेकळासारखा पडून राहतो. पाणी एकदम ओतायचं नाही. थोडं शिंपडायचं, हातानं फिरवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, कारण भरडा पाणी हळू पितो. मग पुन्हा शिंपडायचं. घाईनं मळलेला चारा वरून ओला आणि आतून कोरडा राहतो, आणि तो कोरडा कण पाण्यात पडला की तळाला जायच्या ऐवजी वर येतो.

मळून झालं की मी एक गोळा बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडतो आणि बघत बसतो. लोक हसतात, हसू देत. हलक्या हातानं दाबलेला गोळा तळाला टेकायच्या आतच फुटायला लागतो, त्यातून शेंगपेंडीचे कण धुरासारखे वर चढतात, पाण्यावर तेलाचा बारीक तवंग पसरतो. हाच गोळा पोयटा घालून दोन्ही हातांनी घट्ट दाबला तर तो थेट तळ गाठतो, तिथं काही मिनिटं तसाच बसतो, मग कडेनं सुटायला लागतो, आणि वर जवळपास काहीच येत नाही. मटेरियल एकच, दाब आणि माती वेगळी, काम पूर्ण वेगळं. पहिला गोळा माशाला वर बोलावतो, दुसरा खाली बसवतो. स्पर्धेत चारा बदलणं म्हणजे नव्वद टक्के वेळा एवढंच असतं. नवीन पाकीट फोडायची गरज नसते.

सात वाजता शिट्टी झाली. सुरुवातीला नऊ फुटांवर संत्र्याएवढे पाच गोळे, आणि उजवीकडच्या कोपऱ्यात फक्त मूठभर भिजवलेला मका. त्या कोपऱ्यात गळ टाकायचा नाही, हे तेव्हाच ठरलेलं. आठपर्यंत चिलापी आणि बोटभर रोहू. सगळीकडं तेच चाललं होतं.

सव्वाआठला तरंगा थांबला. माझ्या उजव्या हाताला पुण्यातनं सुट्टीला आलेला आमच्यातला एक पोरगा होता, संगणकाच्या नोकरीतला. त्याच्याकडं बाहेरून मागवलेला पाकिटातला चारा असतो, लाल रंगाचा, वास असा की मलाच खावासा वाटावा. त्याचाही तरंगा थांबला आणि त्यानं तीन गोळे फेकले. डाव्या हाताला मामा, वय सत्तरीच्या पुढं, त्यांनी काठी मांडीवर घेतली आणि तंबाखू मळायला सुरुवात केली.

माझ्या तरंग्याला मधूनच तो आळशी धक्का बसत होता. दोनदा सोडून दिला. तिसऱ्या वेळी गळ काढला तर टोकाला नखाएवढा खवला, कडेला लालसर झाक असलेला, रोहूचा. मग शंका उरली नाही. मासे गेलेले नव्हते, भरपूर होते, पण तळावर नव्हते. शेंगपेंडीच्या वर चढणाऱ्या कणांमागं ते मधल्या पाण्यात फिरत होते आणि माझं आमिष त्यांच्या पोटाखाली पडलेलं होतं. रोहूचा तसा मूळ स्वभावच मधल्या थराचा. कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाला. मत्स्यबीज सोडणारे याच हिशोबानं तीन जाती एकत्र सोडतात, म्हणजे तलावातलं सगळ्या थरांतलं खाणं वापरलं जातं.

इथं दोन रस्ते असतात. आमिष माशाकडं न्यायचं, म्हणजे तरंगा सरकवून दोन-तीन फूट वर मासेमारी करायची. नाहीतर मासा आमिषाकडं आणायचा. पहिला रस्ता लगेच फळ देतो, पण मधल्या पाण्यात मासा एका जागी ठरत नाही; आज चार फुटांवर, घटकेत सहा. उन्हाळ्यात मी तोच धरतो. थंडीच्या सकाळी तळ धरलेला बरा, म्हणून मी चारा बंद केला. पूर्ण बंद, वीस मिनिटं घड्याळ लावून. त्यानंतर अर्धा चारा अर्धा पोयटा असा सुपारीएवढा घट्ट गोळा, एका वेळी एकच, आणि पुढचा गोळा मासा लागल्याशिवाय नाही. आमिषाला हात लावला नाही. तेच कणीक-पेंडीचं वाटाण्याएवढं आमिष, तोच गळ. दोन्ही बदललं असतं तर उत्तर कुठून आलं ते कळलं नसतं.

पोरगा मध्येच म्हणाला, "अण्णा, तुम्ही बराच वेळ काही टाकलंच नाही की."

मामाच बोलले. "अरे, खाली वाढलेलं ताट तसंच हाय. आणि किती वाढतोस?"

त्यानं ऐकलं नाही. पुढचा तासभर त्याच्या जागेवर बुडबुडे येत राहिले, तरंगा डुलत राहिला, आणि पिशवीत काहीच गेलं नाही. मासा त्याच्याकडं माझ्यापेक्षा जास्त असावा. पण इतकं पसरलेलं अन्न असताना गळातलाच घास उचलायचं त्यांना कारण काय?

चारा कमी करायला आपल्या लोकांचा हात धजत नाही, तो का कमी करायचा त्याचं कारण माशाच्या पोटातच आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी, आणि यांना जठर नसतं. आपल्यासारखं एकदा हाणून खाल्लं आणि दुपारपर्यंत पुरलं, असा साठाच नाही. लांबलचक आतडं आहे, त्यातनं माल थोडा थोडा पुढं सरकतो, म्हणून ती दिवसभर टिपत फिरतात. टिपणाऱ्याला थोडं थोडं द्यावं लागतं. आणि पाणी गार झालं की आतड्यातला माल सरकायचा वेगही मंदावतो. डिसेंबरच्या सकाळी मे महिन्याएवढा चारा टाकला तर मासा जागेवर राहील, पण तोंड उघडणार नाही. माझ्या हातात मे महिन्याच्या मानानं थंडीत निम्म्याहून कमी चारा असतो, आणि तोही ऊन तापल्यावरच वाढतो.

जागतिक स्पर्धांत तर हे नियमातच बसवलंय. सुरुवातीच्या शिट्टीआधी दहा मिनिटं जड चारा टाकायची मुभा, आणि एकदा मासेमारी सुरू झाली की एका हातानं दाबता येईल एवढाच छोटा गोळा. आमच्या पोराचा देव आहे इंग्लंडचा बॉब नड, १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९ असा चार वेळा जगज्जेता. मी त्याला म्हणतो, तुझा देव वेगवेगळ्या देशांच्या पाण्यावर जिंकला, तो काय एकच लाल पाकीट घेऊन फिरत होता का?

नवाच्या सुमारास तळावर पहिला रोहू लागला, किलोभराचा. मग एक गोळा. दहा-बारा मिनिटांनी दुसरा. मग पुन्हा गोळा. ही लय लागली की ती मोडायची नाही, कितीही मोह झाला तरी.

ती चिलापीनं मोडली. ऊन चढलं तशी ती झुंडीनं आली आणि कणकेचं आमिष तळाला पोचायच्या आत फाडायला लागली. इथं आमिष बदलायची वेळ असते, आणि इथं लोक हमखास गांडूळ लावतात, कारण गांडूळ म्हणजे हुकमी. पण चिलापीला गांडूळ म्हणजे लग्नातली जिलेबी. आधी हिशोब करावा. चिलापी शंभर ग्रॅमची, दोन मिनिटाला एक निघत असली तर तासाला तीन किलो होतात. तेवढ्याच तासात दीड किलोचे दोन रोहू लागले तरी वजन सारखंच. म्हणजे जागेवर मोठा मासा नसेल तर चिलापी मारत बसणं यात कमीपणा काहीच नाही. काट्यावर सगळं वजन सारखं. पण मला थोड्या वेळापूर्वीच दोन रोहू लागलेले होते, ते लांब गेलेले नव्हते. म्हणून चारा तसाच ठेवला आणि आमिष बदललं: भिजवून उकडलेला मक्याचा दाणा, दोन दाणे एका गळावर. छोट्या चिलापीच्या तोंडात ते मावत नाहीत, नुसती ढकलत राहते. तरंगा नाचतो, नाचू द्यायचा. हिसका द्यायचा तो तिरका जाऊन नाहीसा झाल्यावरच. हे सांगायला सोपं आहे. नाचणाऱ्या तरंग्याकडं हात न उचलता बघत बसणं हे ज्याला जमतं त्याला मी मानतो. मामांना जमतं.

दाण्यावर लागणारा मासा कमी, पण लागला तो वजनाचा.

आता तो कोपरा. बाभळीच्या बुडख्याजवळ मी सुरुवातीपासून दर वीस-पंचवीस मिनिटांनी मूठभर मका टाकत होतो आणि तिकडं पाठ करून बसलो होतो. काठाजवळच्या जागेचं तसंच असतं. मोठा मासा तिथं उशिरा येतो, सावली बघून, आवाज नाही ना ते बघून. लवकर गळ टाकला की एखादी चिलापी निघते आणि तिच्या धडपडीनं तो कोपरा तासाभरासाठी खलास. तिथं कधी जायचं हे घड्याळ सांगत नाही. अकरा वाजून गेल्यावर बुडख्याजवळचं पाणी दुधाळ झालं, मातीचा ढग उठला आणि बुडालेल्या फांदीला असलेला शेवाळाचा झुपका दोनदा हलला. वारा नव्हता. मग काठी वळवली. गळ मोठा, सोळा नंबर काढून दहा नंबरचा (गळाचा नंबर लहान तेवढा गळ मोठा), तंगूस जाड, कारण बाभळीत मासा शिरला की संपलं. आमिष तोच मका, जो ते सकाळपासून फुकटात खात होते. लागल्यावर काठी पाण्याला आडवी धरून माशाला बाभळीकडनं बाहेर ओढायचं, वर उचलायचं नाही. शेवटच्या पाऊण तासात तिथं सायप्रिनस आणि मृगळ मिळून माझ्या पिशवीतलं निम्म्याहून जास्त वजन झालं. जाता जाता सांगतो, पहिला नंबर मामांचाच. त्यांच्या जागेवर कोपरा नव्हता, बाभळ नव्हती, आणि पाच तास संपले तरी त्यांचा अर्धी बादली चारा शिल्लक होता.

नदीचं गणित याहून वेगळं. आमच्या कृष्णेत पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि सांगलीवाडीच्या बाजूला बसलं तर तलावावर बसल्यासारखंच वाटतं. पण ते फसवं आहे. काठावरच्या शेतीच्या मोटारी लाईट आली की एकदम सुरू होतात, थ्री फेज कुठल्या वेळेला आहे ते माहीत नसलं तर आपल्याला एवढंच दिसतं की सकाळभर उभा असलेला तरंगा आता सरकायला लागला. वरून कोयनेचं पाणी सोडलं, उपसा योजनांचे पंप चालू झाले, की तळातला ओढा बदलतो. अशा वेळी मासा खात नाही असं नसतं. चारा एका जागी पडतोय आणि वाहून दुसरीकडं साठतोय, मासा तिथं बसलाय. लोक आमिष बदलत बसतात. मी आधी तरंगा काढून नुसतं शिसं सोडतो, ओढ किती आहे बघतो, आणि मग गोळ्यात पोयटा वाढवून तो गळाच्या वरच्या अंगाला दोन-तीन हात टाकतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा नदीवर जाताना तळ पुन्हा मोजायचा, हा माझा कडक नियम आहे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर घाटाखालच्या माझ्या ओळखीच्या जागा ओळखू येईनाशा झाल्या. जिथं खड्डा होता तिथं गाळ, जिथं गाळ होता तिथं दगड.

आणि एक प्रकार असा, जिथं चारा-आमिष काहीच चालत नाही. उन्हाळ्यात तलावावर पहाटे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. नवा माणूस खूश होतो, कटला वर आलाय म्हणून. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, ते खायला नव्हे, श्वासाला आलेले असतात. त्या पाण्यात पेंड टाकली तर ती सडून प्राणवायू आणखी खाते. अशा वेळी स्पर्धा दोन तास पुढं ढकलावी, ऊन पडू द्यावं, आणि ठेकेदाराला फोन करून सांगावं.

पुढच्या रविवारी नदीवर बसायचंय. बरगे घातलेत, मोटारींची लाईट सकाळची आहे असं कळलंय, म्हणून पोयटा दोन बादल्या चाळून ठेवलाय आणि शेंगपेंड निम्मी केलीय. पोराचा फोन आला होता, लाल पाकिटात किती माती मिसळू विचारत होता. निम्मी म्हटलं. आणि गोळा फेकायच्या आधी बादलीत सोडून बघ म्हटलं.